पाणी लागेपर्यंत

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "तात्या, लेखाखाली तुमची ओळख काय छापू? पाणाड्या लिहू, का भूजल सर्वेक्षक?" मी म्हटलं, आधी लेख तर होऊ दे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन त्यांनी बघायचं आणि खरंखोटं मी बघायचं, असं आमचं ठरलंय.

पण प्रश्न डोक्यात राहिला. काम मी जन्मभर एकच केलं. विहीर कुठं खणायची, बोअर कुठं मारायची, ती जागा दाखवायची. तरी हातातली वस्तू बदलली की लोक मला दुसराच कोणी समजायचे, आणि खरं सांगायचं तर मीही समजायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कर्जत-खालापुरात एवढा पाऊस, इथं पाणी शोधायला माणूस कशाला पाहिजे? पाऊस पडतो तो उताराला लागतो आणि नदीवाटे खाडीला जातो. नदीकाठच्यांचं बरं चालतं. डोंगराला लागून जी गावं आणि वाड्या आहेत, त्यांची शिमग्यानंतर दशा होते. खाली सगळा कातळ. कातळात पाणी नसतं, कातळाच्या फटीत असतं. फट सापडली तर पाणी, नाही सापडली तर बोअरच्या तोंडातून नुसता पांढरा फुफाटा उडतो आणि घरधनी तुमच्याकडं बघतो. ते बघणं सहन करता आलं पाहिजे. धंद्यातला तोच अवघड भाग, बाकी सगळं येतं.

नारळाचं काम मला मामानं शिकवलं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि चालायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. मामाचे नियम कडक होते. पायात वहाण नको. पोटात अन्न नको. आणि ज्या घरचं पाणी शोधायचं, त्या घरचं पाणी लागेपर्यंत तोंडाला लावायचं नाही. घरधनी गूळपाणी घेऊन पुढं आला की मी हात आडवा करायचो. "पाणी लागेपर्यंत पीत नाही." हे मी अशा आवाजात म्हणायचो की ओटीवरच्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. पाणाड्या म्हणजे अर्धा देवऋषी. लोक पाया पडायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

अनसूया, माझी बायको, ते बघून पदराआड हसायची. "गावोगाव पाया पडून घेताय, आणि घरी मी लाकडं फोडा म्हणून बोंबलते. कुठला देव खरा मानायचा आमी?"

एकदा चौक गावाजवळच्या मळ्यात मी उपाशीपोटी उन्हात भोवळ येऊन पडलो. तेव्हापासून ती माझ्याबरोबर यायला लागली. फिरकीच्या तांब्यात आमच्या घरचं पाणी घ्यायची. ते मला चालायचं. मी शेतातून फिरायचो आणि ती त्या घरच्या चुलीपाशी जाऊन बसायची. तिला कसलाच नियम नव्हता. पहिल्यांदा घरच्या बाईकडं पाणी मागायची. प्यायची, पुन्हा मागायची, मग पाण्यावरूनच बोलायला लागायची. कुठनं आणता गं? डाळ शिजते का यात? कुठली विहीर आधी आटते? परत येताना वाटेत मला सगळं ऐकवायची आणि मी हूं हूं करायचो.

खालापूरच्या वरच्या अंगाला एका कुणब्याच्या घरी नारळ दोन जागी उभा राहिला. दोन जागी उभा राहिला की पाणाड्याची पंचाईत. मी झाडाखाली घाम पुसत बसलो. अनसूया तांब्या घेऊन आली.

"सून सांगत होती, गोठ्यामागं थापलेल्या शेणी वाळतच नायत. उन्हाळा लागला तरी दमट. पुढच्या खळ्यात मात्र लगेच कडक होतात."

"बायकांच्या गप्पा मला नको सांगू गं."

"नका ऐकू. पण शेणीला काय पडलंय खोटं बोलायचं?"

मी उठलो, गोठ्यामागं गेलो, आणि नारळ ताडकन उभा राहिला. कसा उभा राहतो, ते मला आजही सांगता येणार नाही. हात माझाच होता आणि त्या हाताला शेणींचं कळलेलं होतं, एवढंच सांगतो. पाणी लागलं. भरपूर लागलं. लोकांनी नारळाला हार घातला, मला धोतरजोडी दिली. शेणीला हार कोण घालणार?

अशी बरीच वर्षं गेली. मग इनामदार मॅडम आल्या. मुंबईच्या एका कॉलेजात त्या खडकांचा अभ्यास शिकवतात. आमच्या भागातल्या पाण्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावात विचारत विचारत माझ्या दारात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तात्या, तुमच्या नारळावर माझा विश्वास नाही. पण इथला डोंगर तुमच्या पायाखालचा आहे, माझ्या नाही. बरोबर याल?" मला बाई आवडली. तोंडावर बोलणारं माणूस परवडतं.

त्यांच्याकडं मशीन होतं. एका पेटीत बॅटरी, चार लोखंडी सळया आणि वायरीची रिळं. सळया एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. ओल असेल तिथून करंट सहज जातो, कोरडा खडक त्याला अडवतो. सळया जेवढ्या लांब लांब नेऊ, तेवढं खोलवरचं कळतं. मी आधी सळया ठोकायचो, मग आकडे वाचायला शिकलो, मग आकड्यांवरून आतला खडक ओळखायला शिकलो. मॅडमनी हातचं राखून काही शिकवलं नाही. त्यांच्याकडं नवीन मशीन आलं तेव्हा जुनं मला देऊन टाकलं.

आणि मी साहेब झालो. सळयांत करंट असतो म्हणून पायात बूट आले. बुटावर धोतर दिसेना म्हणून पँट आली. शेलू-नेरळकडं तेव्हा बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या. बिल्डर लोक गाडी पाठवायचे. नारळवाल्याला अंगणात उभं करतात, मशीनवाल्याला खुर्ची देतात, वर सीलबंद बाटली. मामाचा नियम मोडायचीसुद्धा गरज पडली नाही. बाटलीतलं पाणी कोणाच्याच घरचं नसतं. बुटाच्या पाया मात्र कोणी पडत नाही, तेवढं एक कमी झालं.

अनसूया पहिल्या दिवशी नेहमीसारखी तांब्या भरून दारात उभी राहिली. मी म्हटलं, "तू कशाला? मशीनच्या कामात बायको कोणी नेतं का?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "बरं. साहेब आलं का सांगा, पाट टाकते."

मशीननं मला चांगली साथ दिली, त्याला मी नाव ठेवणार नाही. नारळापेक्षा कितीतरी जास्त जागा लागल्या. पण नेरळच्या बाहेर एका शेठचं फार्महाऊस होतं. शेठ मुंबईचे. माणूस हौशी. झोपाळा, कारंजं, बदकं, सगळं होतं, फक्त पाणी टँकरचं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "पाणी ईशान्येला पाहिजे. वास्तूवाल्यानं सांगितलंय."

मी म्हटलं, "शेठ, पाण्याला दिशा कळत नाही."

"मला कळते ना. तुम्ही ईशान्येपासून सुरू करा."

सुरू केलं, आणि मशीननं ईशान्येलाच असे झकास आकडे दिले की मी दुसरीकडं सळया ठोकल्याच नाहीत. शेठ तर वास्तूवाल्याला तिथल्या तिथं फोन लावून मोकळे झाले. बोअरची गाडी आली, खाली खाली गेली, आणि नुसता फुफाटा. बदकं पांढरी होती ती आणखी पांढरी झाली. मी बूट घालून उभा होतो आणि तोंड कुठं लपवावं ते कळत नव्हतं. शेठनी वाकून भोकात बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. टँकर ईशान्येला उभा करत जाऊ."

मोठ्या मनाचा माणूस. पुढं तो माझ्या फार उपयोगाला आला, ते नंतर सांगतो.

घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी अनसूया मला न विचारता रिक्षात बसून त्या फार्महाऊसवर गेली, माळ्याच्या बायकोकडं पाणी मागितलं, आणि दुपारच्याला परत आली.

"तिथं आधी जुनी टाकी होती. टाकी पाडली, पण तिचे लोखंडाचे नळ जमिनीतच पुरलेत. सगळे त्याच कोपऱ्यात. माळ्याची बायको म्हणते, आमाला कोणी इचारलंच नाय."

करंट लोखंडातून गेला होता. मशीन बरोबर बोललं होतं, फक्त ते नळाबद्दल बोलत होतं आणि मी पाण्याबद्दल ऐकत होतो. मी म्हटलं, "उद्यापासून तू येत जा."

"साहेबाची बायको म्हणून येऊ, का पाणाड्याची?"

"तुझी तू ये."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या हसतील. पण पुढच्या खेपेला त्यांनी मशीन गाडीतच ठेवलं आणि अनसूयाच्या मागं मागं चुलीपाशी जाऊन बसल्या. मग तेच सुरू झालं. आधी बायकांशी बोलायचं, विहिरींचं पाणी चाखायचं, उंबर कुठं आहे, कपडे कुठं वाळत नाहीत, ते सगळं बघायचं, आणि सळया शेवटी ठोकायच्या. जागा दाखवायला वेळ जास्त लागायचा. फुफाटा कमी उडायचा.

मॅडमच्या मागंही बोलणं लागलं. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "आमच्या विभागात चेष्टा चालते. म्हणतात, बाई खडकातून उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आता हिला शास्त्रज्ञ म्हणायचं का समाजसेविका?"

अनसूयानं विचारलं, "मग तुमी काय म्हणलात?"

"म्हटलं, आधी मी खडकाला प्रश्न विचारायची, आता खडकावर राहणाऱ्या माणसांनाही विचारते. पण खरं सांगू का अनसूयाबाई, पहिले काही महिने माझं मलाच कळत नव्हतं मी कोण. मशीन हातात नसलं की उघडं उघडं वाटायचं."

मला ते बरोबर कळलं. नारळ सोडला तेव्हा माझे हात असेच मोकळे पडले होते. एवढी शिकलेली बाई आणि मी चौथी, पण दुखणं एकच.

कर्जतला एका सभेत मॅडमनी अनसूयाची ओळख करून दिली, "या माझ्या सहकारी संशोधक." अनसूयानं पदर पार नाकापर्यंत ओढला. येताना रिक्षात म्हणाली, "त्या काय म्हणल्या वो मला? परत सांगा." मी सांगितलं. घर येईपर्यंत तिनं तो शब्द माझ्याकडून आणखी कितीदा तरी वदवून घेतला.

ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. दुखणं फार नव्हतं, वय झालं होतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही आणि लिहिलं तर संपादकबाईंना ते सुधारताही येणार नाही. मी काम बंद केलं. फिरकीचा तांब्या फळीवर ठेवला आणि मशीन त्याच्याखाली.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम आल्या. माथेरानच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी आहे, ठाकर आदिवासींची. एकच विहीर, ती लवकर तळाला जाते. त्या फार्महाऊसच्या शेठनी वाडीला एक बोअर देऊ केली होती. एकच. गाडी वर चढवण्यासाठी रस्ताही तात्पुरता करून घ्यायचा होता, त्यामुळं दुसऱ्यांदा गाडी येणार नव्हती. जागा चुकली तर वाडी होती तिथंच राहणार.

मी म्हटलं, "मॅडम, नवं मशीन तुमच्याकडं आहे. तुम्ही बघा."

"मशीनचं मी बघते. बाकीचं कोण बघणार?"

"बाकीचं करणारी गेली."

मॅडमनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "सकाळी गाडी घेऊन येते. यायचं नसेल तर दार लावून घ्या." सकाळी मी दार लावून घेतलं, पण बाहेरून. फळीवरचा तांब्या घरीच राहिला. तो भरायचं मला सुचलंच नाही.

वाडीत मशीननं दोन जागा दाखवल्या. एक वर, अंगणवाडीजवळच्या आंब्यापाशी. एक खाली, ओढ्याला लागून. आकडे जवळजवळ सारखे. बाप्ये म्हणाले, ओढ्याकडं घ्या, खाली पाणी असणारच. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी बायका बसल्या होत्या तिकडं गेलो.

बायकांत जाऊन बसणं मला जमत नाही, हे त्या दिवशी कळलं. अनसूया बसली की घोळका व्हायचा. मी बसल्यावर सगळ्या गप्प. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "इथं शेणी कुठं वाळत नाहीत?" एकीनं दुसरीकडं बघितलं आणि दोघी पदर तोंडात घालून हसायला लागल्या. घामानं माझा सदरा भिजला होता, घसा कोरडा पडला होता. मला वाटलं उठावं आणि गाडीत जाऊन बसावं.

तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, हौसाबाई, घरात गेली आणि लोटा भरून घेऊन आली. माझ्यापुढं धरला. आणि माझा हात, मामानं शिकवलेला हात, आपोआप आडवा झाला.

"पाणी लागेपर्यंत पीत नाही."

हौसाबाईनं लोटा मागं घेतला नाही. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "का रं? आमच्या हातचं चालत नाय का तुला?"

आजूबाजूचं हसणं थांबलं. मी सांगणार होतो की तसं नाही, हा धंद्याचा नियम आहे. पण नियम माझ्यासाठी होता. समोरच्या माणसाला काय दिसायचं, तर दारात आलेला माणूस पाणी नाकारतोय. किती घरांत, किती वाड्यांत मी असा हात आडवा केला असेल. आणि त्या प्रत्येक घरात माझ्या मागोमाग आत जाऊन अनसूया पहिल्यांदा पाणीच मागायची. पुन्हा मागायची. मला वाटायचं बाईला तहान फार.

मी लोटा घेतला आणि घटाघट प्यालो. थंड पाणी. गोडं. तळाला गेलेल्या विहिरीचं पाणी असं नसतं, त्याला गाळाचा वास येतो. लोटा रिकामा झाल्यावर माझ्या तोंडून अनसूयाचंच वाक्य निघालं.

"हे कुठनं आणता गं?"

हौसाबाई दुसऱ्या बायकांकडं बघायला लागली. एक जण हळूच म्हणाली, "सांग की. प्याला ना आता."

आंब्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत एक झिरा होता. हंडा भरायला बराच वेळ लागायचा, पण पार पाऊस येईपर्यंत टिकायचा. बायकांनी त्यावर दगड आणि पाला टाकून ठेवला होता. बाप्यांना कळलं तर गुरं नेतील, म्हणून. तो झिरा आंब्याच्या रेषेत होता, म्हणजे कातळातली फट तिथूनच जात होती. खालच्या ओढ्याकडची ओल चिकणमातीची असणार, असं मॅडमनाही वाटतच होतं. आता वरची जागा पक्की झाली.

"पण तुमच्या बोअरनं आमचा झिरा आटला तर?" हौसाबाईनं मॅडमना विचारलं.

"आटू शकतो," मॅडम म्हणाल्या. "म्हणून जागा झिऱ्यापासून लांब सरकवू. तरी मी शब्द देत नाही."

हौसाबाईला तेच पटलं. शब्द देणारे वाडीनं पुष्कळ बघितले होते.

बोअर मारली त्या दिवशी शेठ स्वतः आले. आल्या आल्या विचारलं, "ही दिशा कोणती?" मी म्हटलं, "वरची." आधी फुफाटा उडाला, आणि मी सवयीनं मान खाली घातली. मग फुफाटा ओला झाला, मग चिखल, मग पाणी असं आलं की शेठचे कपडे भिजले. बायका हंडे घेऊन उभ्याच होत्या. त्यानंतर सगळ्यात आधी हौसाबाई झिरा बघून आली. होता तसा होता. यंदाच्या उन्हाळ्यातही टिकला, हे मुद्दाम लिहितो.

वाडीनं नारळ आणला आणि फोडायला माझ्या हातात दिला. किती वर्षांनी हातात नारळ आला. मी तो सवयीनं तळहातावर आडवा धरला, आणि मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. उभा राहिला नाही. मी फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

हौसाबाई शेजारी येऊन बसली. "मशीन तर त्या बाईचं. बोअर शेठची. मग तू कोण रं नक्की?"

संपादकबाई, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न. मी तिला जे उत्तर दिलं, तेच खाली छापा.

"मी अनसूयाचा नवरा."

"कोण अनसूया?"

मी म्हटलं, "सांगतो. आधी पाणी आण."